केळीचा घेर दर महिन्याला मोजताय? कोरिलेशन स्ट्रक्चर निवडताना या चुका टाळा

रावेर-यावलकडची मृग बाग घ्या. जूनमध्ये टिश्यूकल्चरची रोपं लागली, खताच्या दोन मात्रा ठरल्या, चाळीस झाडांना रंगीत चिंध्या बांधल्या आणि त्याच झाडांच्या बुंध्याचा घेर सहा वेळा टेपने मोजला. झाले २४० आकडे. एम.एस्सी.ची पोरं ही फाईल घेऊन येतात आणि दारातूनच विचारतात, "सर, एआर-वन लावू की एक्स्चेंजेबल?" म्हणजे एकाच झाडाच्या मोजण्यांतलं नातं (कोरिलेशन) अंतर वाढेल तसं घटतं असं धरू (एआर-वन), की कोणत्याही दोन मोजण्यांत सारखंच धरू (एक्स्चेंजेबल)? मी म्हणतो, आधी वही दाखव, तारखांसकट.

२४० आकडे सुटे समजणं. समजा एकाच झाडाच्या कोणत्याही दोन मोजण्यांत ०.६ कोरिलेशन आहे. मग १ + ५ (उरलेल्या मोजण्या) × ०.६ = ४, आणि २४० ÷ ४ = ६०. म्हणजे दोन मात्रांची सरासरी ताडून पाहताना २४० आकड्यांचं वजन सुट्या ६० आकड्यांइतकंच. ते सुटे धरले की स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती डगमगतो त्याचं माप, खोटा लहान येतो. वाढीच्या वेगाचं मात्र उलट होतं. तिथे झाड स्वतःशीच ताडलं जातं, त्यामुळे एरर उगाच मोठा दिसतो.

सरासरी नीट न बसवता कोरिलेशन शोधणं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत केळी अडखळते, मग पुन्हा धावते. त्यावर सरळ रेषा टाकली की थंडीआधी सगळीच झाडं रेषेच्या वर आणि थंडीत सगळीच खाली. लागोपाठच्या अवशेषांत (खरा आकडा वजा मॉडेलचा अंदाज) नातं दिसतं आणि पोरगा खूश होतो, "एआर-वन मस्त बसलं!" ते झाडाचं नातं नाही, हवामानाचं आहे. आधी महिना फॅक्टर म्हणून टाका, म्हणजे दर महिन्याला स्वतःची सरासरी मिळेल, मात्रेशी त्याची आंतरक्रियाही ठेवा, म्हणजे ती दर मात्रेला वेगळी असू शकेल, आणि मग अवशेषांचं सहा बाय सहा कोरिलेशन टेबल छापून डोळ्यांनी बघा. कर्णापासून दूर जाताना आकडे घसरत असतील तर एआर-वनकडे वळा, सगळीकडे साधारण सारखेच असतील तर एक्स्चेंजेबल.

एआर-वनची घसरण किती जोरात असते हेही ध्यानात ठेवा. लगतच्या महिन्यांत ०.८ असेल तर तीन महिन्यांवर ०.५१ आणि पाच महिन्यांवर ०.३३. पण दांडगं रोप शेवटपर्यंत दांडगंच राहतं, त्यामुळे टेबलातला आकडा बहुधा इतका खाली जात नाही. अशा वेळी झाडनिहाय रँडम इंटरसेप्ट (दर झाडाची स्वतःची कायमची उंच-सखल पातळी) आणि त्यावर एआर-वन, असं दोन्ही मिळून बघा. सहाच मोजण्यांत मॉडेलला हे दोन वेगळे करणं जड जातं. कन्व्हर्जन्स अडलं, म्हणजे गणित उत्तरावर स्थिरावलंच नाही, तर दोष कॉम्प्युटरचा नाही.

क्रमालाच वेळ मानणं. दिवाळीत मोजणी राहिली, पुढच्या महिन्यात लग्नसराई. मधलं अंतर तीन महिन्यांचं झालं, पण 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या कॉर-एआर-वनला (एआर-वन बसवणाऱ्या आज्ञेला) वेळेचा रकाना दिला नाही तर ते फक्त ओळींचा क्रम पाहतं आणि ते अंतर एकच पायरी धरतं. पूर्ण महिन्यांचा आकडा द्या. दिवस वेडेवाकडे असतील तर सतत वेळेचं कॉर-सीएआर-वन वापरा.

सॉर्ट न करणं. ही माझी स्वतःची चूक. दिवाळीआधीच्या तीन मोजण्या एका वहीत, नंतरच्या तीन दुसऱ्या वहीत. मी दोन्ही शीट एकाखाली एक चिकटवल्या आणि जीईई (एकाच झाडाच्या मोजण्यांचा गट, म्हणजे क्लस्टर, धरून सरासरीचं मॉडेल बसवणारी पद्धत) चालवलं. पी-व्हॅल्यू इतकी देखणी आली की चहा मागवला! मग आउटपुटच्या तळाशी नजर गेली: क्लस्टर ८०, सर्वात मोठा क्लस्टर ३ चा. झाडं तर चाळीस! 'आर'मधलं जीईई-पॅक एकाच झाडाच्या ओळी सलग असतील तरच त्यांना एक झाड मानतं. आधी झाड, मग तारीख, असं सॉर्ट करा आणि तळाच्या त्या दोन ओळी दर वेळी वाचा.

व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा, विसरणं. लहानपणी सगळी रोपं सारखी, सातव्या महिन्यात एक झाड पोसलेलं आणि शेजारचं किडकिडीत. अवशेषांचा आलेख कर्ण्यासारखा उघडत असेल तर कोरिलेशनआधी महिन्यागणिक वेगळा व्हेरियन्स द्या.

अनस्ट्रक्चर्डचा, म्हणजे मोजण्यांच्या दर जोडीला वेगळं कोरिलेशन देण्याचा, मोह सहा मोजण्यांपुरता ठीक आहे, २१ पॅरामीटर होतात. दर आठवड्याला मोजून २४ मोजण्या केल्यात तर ३०० होतील, आणि झाडं चाळीसच. एआयसीने (मॉडेलांची तुलना करणारा आकडा, लहान तितका बरा) निवडताना मॉडेल रेमल पद्धतीने बसवलं असेल तर सरासरीचा भाग सगळ्या मॉडेलांत एकच ठेवा. जीईईत एआयसी चालत नाही, तिथे त्याचा जीईईसाठीचा भाऊ क्यूआयसी.

"जीईई आहे, स्ट्रक्चर चुकलं तरी चालतं." लियांग आणि झेगर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हे दाखवलं खरं: सरासरीचं मॉडेल बरोबर असेल तर कोरिलेशन चुकूनही गुणांक मोठ्या नमुन्यात जागेवर येतात आणि सँडविच एरर (अवशेषांवरूनच काढलेला स्टँडर्ड एरर) सांभाळून घेतो. पण झाडं पुरेशी हवीत. खत झाडागणिक नाही, तर आठ प्लॉटना दिलं असेल तर खरे क्लस्टर आठच, आणि तिथे सँडविच एरर लहान येतो.

दुसरी अट गहाळ आकड्यांची. मे महिन्याच्या वादळात उंच, घडाने वाकलेली झाडं आधी मोडतात. म्हणजे चांगली वाढलेलीच गळाली, आणि साध्या जीईईला उरलेली खुजी झाडंच बाग वाटते. गळतीचं कारण आधीच्या मोजण्यांत दिसत असेल, तर मिक्स्ड मॉडेल (वरचं रँडम इंटरसेप्टवालं) ते बरंच पेलतं, पण तिथे कोरिलेशन चुकलेलं चालत नाही, कारण मोडलेल्या झाडाचा पुढचा अंदाज त्यावरच उभा असतो. म्हणून वहीत रिकाम्या चौकटीत नुसती रेघ ओढू नका. 'मोडलं', 'चिंधी सापडली नाही', 'गेलोच नाही', जे असेल ते लिहा.