मॉडेल जहाजासाठी खरी वाटेल अशी नांगराची साखळी कशी शोधायची

जहाजाचं मॉडेल समोरून बघणाऱ्याची नजर बोवरच्या, म्हणजे पुढच्या टोकावरच्या, साखळीवर पटकन जाते, कारण डेकवर बाकी सगळं रंगवलेलं प्लास्टिक नाहीतर लाकूड असतं आणि ही एकच वस्तू खऱ्या धातूची. आणि बऱ्याच किटमध्ये नेमकी तीच फार जाड निघते. साखळी जाड झाली की एवढं मोठं जहाज लगेच खेळण्यातलं दिसायला लागतं, बाकीचं काम कितीही बारीक केलेलं असो.

पण खरेदीच्या आधी एक बघून घ्या, तुमच्या जहाजावर साखळी होती का? नांगराला लोखंडी साखळी वापरायची पद्धत इंग्रजी जहाजांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली, सॅम्युअल ब्राउनचं पेटंट १८०८ चं आणि कडीच्या मधे आडवा दांडा, म्हणजे स्टड, असलेल्या साखळीचं थॉमस ब्रंटनचं पेटंट १८१३ चं. म्हणजे १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईतली इंग्रजी युद्धनौका व्हिक्टरी करत असाल तर तिथे हेम्पचा, म्हणजे भांगेच्या जातीच्या रोपाच्या वाखाचा, जाडजूड दोरच पाहिजे, आणि आपल्या मराठा आरमाराचा गुराब किंवा गलबत करणाऱ्यांनी तर साखळीचा विचारच करू नका, दोर घ्या. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली १८१७ ची, ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे, ती बरोबर या बदलाच्या काळातली, त्यामुळे जहाज कुठल्या वर्षातलं दाखवताय ते आधी ठरवा आणि मग दोर की साखळी ते ठरवा.

आता मुख्य गोष्ट, कडीचं प्रमाण. स्टडवाल्या साखळीचं सगळं माप कडीच्या सळईच्या जाडीवरून निघतं. कडीची बाहेरची लांबी जाडीच्या ६ पट, बाहेरची रुंदी ३.६ पट, आणि साखळी ताणली की प्रत्येक कडीमागे लांबी वाढते ती जाडीच्या ४ पट. म्हणजे लांबी आणि रुंदी पाचाला तीन, आणि आतली फट चांगलीच अरुंद. हे डोक्यात ठेवलं की दुकानात अर्धी साखळी बघूनच बाद करता येते, कारण दागिन्यांच्या साखळीत तार बारीक आणि भोक मोठं असतं, आणि ती जाळीदार दिसते. नुसत्या कडीच्या लांबीवर जाऊ नका, तारेची जाडी मोजा आणि लांबी तिच्या सहा पटीच्या जवळ आहे का बघा. पाच ते सात पट असेल तर डोळ्याला चालते, दहा पट असेल तर सोडून द्या.

टायटॅनिकचं उदाहरण घेऊ कारण ते मॉडेल खूप जण करतात. तिच्या बाजूच्या नांगरांची साखळी तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाडीची, म्हणजे साधारण ८६ मिमी. म्हणजे खरी एक कडी अर्धा मीटरपेक्षा लांब! १:२०० स्केलला, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या दोनशेव्या हिश्श्याएवढं असेल तर, ती येते २.६ मिमी लांब आणि दीड मिमी रुंद, १:३५० ला जेमतेम दीड मिमी लांब आणि ०.९ मिमी रुंद, आणि १:७०० ला पाऊण मिमी. हे आकडे कागदावर लिहून खिशात ठेवा आणि मगच बाजारात जा. तुमचं जहाज दुसरं असेल तर साखळीची जाडी बांधणीच्या नकाशात किंवा त्या जहाजावरच्या तपशीलवार पुस्तकात मिळते, नाहीच मिळाली तर डेकचा चांगला फोटो शोधा ज्यात साखळीशेजारी माप माहीत असलेली एखादी वस्तू आहे, त्यावरून कडीची लांबी काढा आणि ६ ने भागा. ट्रॉलर, छोट्या बोटी वगैरेंना स्टड नसलेली आखूड कडीची साखळी असते, तिथे कडी जास्त गुटगुटीत, लांबी जाडीच्या पाचपटीच्या आसपास, त्यामुळे वरचं प्रमाण तिथे लावू नका.

परदेशातल्या मॉडेल दुकानांमध्ये साखळी बहुतेक वेळा एका इंचात किती कड्या या मापाने विकतात. हिशेब सोपा, ताणलेल्या एका कडीचं अंतर काढा म्हणजे जाडी गुणिले ४ भागिले स्केल, आणि २५.४ ला त्याने भागा. टायटॅनिकसाठी १:३५० ला इंचात २६ च्या आसपास कड्या येतात, १:२०० ला १५. एका इंचात ४० कड्यांची बारीक साखळी मॉडेल रेल्वेवाले वापरतात, ती १:३५० ला ५५ मिमीच्या साखळीसारखी दिसते म्हणजे क्रूझरसारख्या लहान जहाजांना छान, पण तीच १:७०० ला लावली तर ती ११० मिमी जाडीची होते, आणि एवढी साखळी टायटॅनिकलाही नव्हती. दोन मापांच्या मधे अडकलात तर नेहमी बारीक घ्या. थोडी बारीक साखळी कोणाला खटकत नाही, जाड मात्र लगेच दिसते.

आपल्याकडे शोधायची तर इमिटेशन ज्वेलरीच्या बाजारात जा, मुंबईत भुलेश्वर आणि अब्दुल रहमान स्ट्रीट, पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ. नांगराची साखळी म्हणून मागू नका, दुकानदाराला केबल चेन सांगा, साध्या लंबगोल कड्यांची, एक कडी आडवी एक उभी. कर्ब चेन नको, तिच्या कड्यांना पीळ असतो आणि ती सपाट बसते, जहाजावर सहसा अशी साखळी नसते. गोल कड्यांची रोलोसुद्धा नको. सोबत व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), भिंग आणि छोटं लोहचुंबक घेऊन जा. वीस कड्या ताणून मोजा आणि २० ने भागा, एक कडी मोजण्यापेक्षा हे खूप अचूक येतं. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे म्हणजे काळं करायचं रसायन नीट लागणार नाही, रंगच द्यावा लागेल. पितळ असेल तर उत्तम. अख्खं रीळ लागत नाही, दिसणारी साखळी असते ती फक्त हॉजपाइपपासून (साखळी जहाजाच्या बाजूतून बाहेर जाते ते भोक) विंडलासपर्यंत (साखळी ओढायचं डेकवरचं यंत्र) आणि तिथून खाली जाणाऱ्या पाइपपर्यंत, काही सेंटिमीटरच, त्यामुळे तुकडा मिळाला तर तुकडा घ्या आणि मिळत असेल तर दोन-तीन मापांचे घेऊन मॉडेलवर ठेवून बघा.

स्टडचं काय? माझं स्पष्ट मत, कडी ३ मिमीपेक्षा लहान असेल तर स्टडच्या मागे लागू नका, प्रमाण बरोबर असेल तर डोळा तो स्टड स्वतःच भरून घेतो. १:१०० च्या आसपासच्या मॉडेलला मात्र कडी ५ मिमीच्या वर जाते, तिथे मोकळं भोक स्पष्ट दिसतं. तिथे बारीक तारेचे तुकडे कापून चिमट्याने प्रत्येक कडीत आडवे बसवायचे आणि सुईच्या टोकावर फेविक्विक घेऊन चिकटवायचे, किचकट काम आहे पण दिसणारी साखळी थोडीच असते म्हणून होऊन जातं. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली स्टडवाली साखळी पण मिळते, डेकवर सरळ ठेवायला चांगली, लोंबती ठेवायला नाही कारण ती ठिसूळ असते. फोटोएच, म्हणजे रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याची साखळी मी सुचवणार नाही, ती चपटी असते आणि बाजूने बघितलं की लगेच कळतं.

१:७०० ला खरी कडी शोधण्यात वेळ घालवू नका. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ३६ गेजची तांब्याची वायंडिंग वायर घ्या, ती ०.१९ मिमी असते, दोन तारा एकत्र धरून एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरं हँड ड्रिलमध्ये पकडा आणि पीळ द्या, एका सेंटिमीटरमध्ये साधारण दहा पीळ बसले की रुंदी होते ०.४ मिमीच्या जवळ आणि प्रत्येक अर्धा पीळ एका कडीएवढा दिसतो. टायटॅनिकच्या मापाला हे जवळजवळ तंतोतंत जुळतं.

रंगाआधी साखळी ॲसिटोनमध्ये बुडवून हलवा कारण बाजारातल्या पितळी साखळीवर लॅकर असतो आणि तो असेपर्यंत काहीच धरत नाही. मग पितळ काळं करायचं सोल्युशन पाणी घालून पातळ करा, हळूहळू काळं होऊ द्या, घट्ट सोल्युशनने थर पापडी होऊन सुटतो. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. रंगच द्यायचा असेल तर साखळी ताणून बांधा, एअरब्रशने अगदी पातळ हात द्या आणि वाळताना दोन-तीनदा हलवत रहा नाहीतर कड्या एकमेकींना चिकटून काठी होते.

बसवताना विंडलास ते हॉजपाइप साखळी ताठ ठेवा, कड्या आलटून पालटून तिरक्या टेकल्या पाहिजेत, आणि पातळ केलेल्या फेविकॉलने खालून धरून ठेवा. नांगर हॉजपाइपमध्ये ओढून घेतलेला असेल तर बाहेरच्या बाजूला साखळी दिसतच नाही, तिथे उगाच लोंबती ठेवू नका. नांगर सोडलेला दाखवायचा असेल तर साखळी अगदी ओळंब्यासारखी सरळ खाली आली पाहिजे, मॉडेलची साखळी हलकी असल्यामुळे ती वाकडी राहते, म्हणून गोंद वाळेपर्यंत खाली वजन लटकवा.

अमेरिकन नौदलाचं जहाज असेल तर साखळीवरच्या रंगाच्या खुणा द्यायला विसरू नका. नांगरापासून मोजत १५ फॅदमला जोडकडी (साखळीचे दोन तुकडे जोडणारी कडी) लाल आणि तिच्या दोन्ही बाजूंना एक-एक पांढरी, ३० फॅदमला जोडकडी पांढरी आणि बाजूंना दोन-दोन पांढऱ्या, ४५ ला निळी आणि तीन-तीन. १५ फॅदम म्हणजे २७.४ मीटर, १:३५० ला जवळपास ८ सेंटिमीटर, त्यामुळे डेकवर एका साखळीत फार तर एखादीच खूण दिसेल, जास्त रंगवू नका.