चक्रीवादळात कुत्र्या-मांजरांना सांभाळताना या चुका टाळा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता आणि झोत १२० पर्यंत जात होते. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा झोपल्या, कौलं-पत्रे उडाले, वीज कित्येक आठवडे आली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि किनाऱ्याच्या बाजूबाजूने गुजरातकडे गेलं. या दोन वादळांनंतर वाडीवाडीतून पाळीव जनावरांचे जे किस्से कानावर आले, त्यांतून माझं एक मत पक्कं झालंय. घरचं जनावर नुसत्या वाऱ्याने क्वचितच जातं. ते बांधलेलं असतं म्हणून जातं, नाहीतर दार उघडं राहिलं म्हणून हरवतं. ही दोन्ही कामं आपल्या हातची आहेत.

कुत्रा पडवीत साखळीला

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि करणारे लोक कुत्र्यावर जीव लावणारेच असतात. ‘घाबरून पळेल, त्यापेक्षा बांधून ठेवलेला बरा’ असा हिशेब असतो. पण बांधतात कुठे? पडवीच्या खांबाला. हा खांब वरचे वासे तोलून धरतो. वारा पडवीच्या छपराखाली शिरला की छप्पर वर उचललं जातं, आणि परत बसतं ते खांबासकट आडवं होऊन. साखळी दोन हातांची. कुत्र्याला सरकायला जागाच नसते. अंगणात माडाखाली बांधणं तर त्याहून वाईट, कारण झावळ्या आणि नारळ आधी पडतात आणि माड नंतर. गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ) बांधलेलं कुत्रं गडग्यावरून उडी मारायला जातं आणि पट्ट्याला लटकतं. शिवाय आखूड साखळीला जनावर तासन्‌तास बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, वादळ असो नसो.

कुत्रा घरात घ्या. ‘आमच्यात कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही’ हे मला माहीत आहे. आठ-दहा तासांपुरतं ते बाजूला ठेवा, नंतर शेणाने सारवून घ्या. जागा घराच्या मधली हवी: माजघर, किंवा भिंती चारी बाजूंनी पक्क्या आहेत अशी न्हाणी. माळा नको, पत्र्याची शेड नको, मागची पडवीसुद्धा नको. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये हाच नियम बाल्कनीला लागू. सरकत्या काचेजवळ कुत्र्याची गादी असेल तर ती आदल्या दिवशीच आत हलवा म्हणजे त्याला नव्या जागेची सवय होते. दाराला कडी घालून कुत्रा आत मोकळा असू दे. दार उघडायची वेळ येणार असेल तेवढ्यापुरता पट्टा हातात धरा.

पट्ट्याचंही बघून घ्या. एरवी सैल पट्टा चालतो, पण घाबरलेलं कुत्रं मागे जोर लावून त्यातून डोकं सहज काढून घेतं. पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जावीत, तिसरं नाही. छातीवरून बांधायचा पट्टा असेल तर उत्तम. पट्ट्यावर न पुसणाऱ्या मार्करने फोन नंबर लिहा, पण फक्त तुमचा लिहून उपयोग नाही. निसर्गच्या वेळी किनाऱ्यावरचे टॉवरच बंद पडले होते. मुंबईत किंवा पुण्यात असलेल्या भावाचा, मुलीचा नंबर खाली टाका. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिचा १५ आकडी नंबर आणि त्याच्याशी जोडलेला फोन चालू आहे ना, हे पावसाळ्याआधीच तपासा.

मांजराचं ‘आयत्या वेळी बघू’

मांजराला हवेचा दाब पडलेला माणसाच्या आधी जाणवतो की नाही यावर वाद घालत बसू नका. घरात आवराआवर सुरू झाली, कपाटं सरकली की ते गायब होतं, एवढं प्रत्येक मांजरवाल्याला ठाऊक असतं. म्हणून हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की पहिलं काम मांजर आत घेऊन दारं-खिडक्या लावणं. रेड अलर्टची वाट बघितलीत तर मांजर माळ्यावर नाहीतर झापांच्या ढिगात असेल, आणि तुम्ही भर वाऱ्यात अंगणात ‘मनी, मनी’ करत फिराल.

नेण्याची पेटी आदल्या रात्री काढली तर मांजर पेटी बघूनच पळतं, कारण त्याच्या लेखी पेटी म्हणजे डॉक्टर. मे महिन्यातच पेटी घरात उघडी ठेवा, आत जुनं पातळ टाका, अधूनमधून सुक्या जवळ्याचा एखादा तुकडा टाका. पेटी नसेल आणि घर सोडायचंच असेल तर उशीचा सुती अभ्रा कामाला येतो. मांजर आधी टॉवेलात गुंडाळायचं, मग अभ्र्यात उतरवून तोंड सैल गाठीने बांधायचं. दिसायला बरं दिसत नाही, पण सुती कापडातून हवा येते आणि तुमचे हात ओरबाडून निघत नाहीत. प्लास्टिकची गोणी मात्र कधीही नाही.

गाव सोडून निवाऱ्याच्या शाळेत जावं लागणार असेल तर जनावर तिथे चालेल का हे पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत आदल्या दिवशीच विचारून घ्या. दारात पोचल्यावर ‘कुत्रं बाहेर’ म्हणाले की माणसं दोनच गोष्टी करतात: कुत्र्यासकट परत घरी जातात, किंवा कुत्रं बाहेर सोडतात. दोन्ही वाईट. शाळेत जमणार नसेल तर स्लॅबच्या घरातले पाव्हणे आधीच ठरवून ठेवा.

वारा पडला म्हणून दार उघडणं

चक्रीवादळाचं केंद्र डोक्यावरून जातं तेव्हा वारा एकदम पडतो. पाऊस थांबतो, कधी उजेडही येतो. लोक बाहेर पडतात, कौलं बघतात, कुत्र्याला ‘जाऊन ये’ म्हणून सोडतात. थोड्या वेळाने वारा परत येतो, तोही उलट दिशेने. आधी एका बाजूला कललेली झाडं, सुटलेले पत्रे आता दुसऱ्या बाजूने उडतात. रेडिओवर किंवा फोनवर वादळ पुढे सरकल्याची खबर मिळेपर्यंत दार बंदच.

मग लघवीचं काय, हा प्रश्न येतोच. धडधाकट मोठं कुत्रं दहा-बारा तास कळ काढतं. त्याहून जास्त वेळ गेला तर अडचण येते, कारण अंगणात जायची सवय असलेलं कुत्रं लादीवर करतच नाही. उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी ते जिथे लघवी करतं तिथलीच माती घमेलंभर आणून न्हाणीत ठेवा. नर कुत्रा असेल तर घमेल्यात एक चिरा उभा करा. मांजराला वाळूचं घमेलं पुरतं.

घरातली गोळी

कुत्रं थरथरतंय, लाळ गाळतंय, दार उकरतंय. मग कोणीतरी डब्यातून झोपेची गोळी काढतं. असं करू नका. माणसाच्या औषधाचा डोस जनावराला अंदाजाने बसत नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. एका गोळीनेही ते दगावू शकतं. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. ज्या जनावराला गडगडाट सहनच होत नाही त्याच्यासाठी पशुवैद्यांकडून पावसाळ्याआधी औषध लिहून घ्या आणि एखाद्या शांत दिवशी एकदा देऊन बघा. काही जनावरं गुंगीच्या औषधाने उलट बिथरतात, ते वादळाच्या रात्री कळून उपयोग नाही.

आणखी एक समजूत: ‘जवळ घेतलं तर जास्त घाबरतं.’ खोटं आहे. भीती हा काही शिकवलेला खेळ नव्हे, की शाबासकी दिली म्हणून वाढेल. जवळ येत असेल तर जवळ घ्या. पलंगाखाली बसलं असेल तर तिथेच बसू द्या. ओढून काढायला गेलात तर एरवी गरीब असलेलं कुत्रंही चावतं. एरवी एका ताटात जेवणारे दोन कुत्रे वादळात भांडतात, त्यांना वेगळ्या खोल्या द्या. एक दिवस कुत्र्याने खाल्लं नाही तर काळजी नको. मांजराने सलग दोन दिवस अन्न सोडलं तर मात्र डॉक्टरांना गाठा, त्याच्या यकृताला उपास झेपत नाही.

पक्षी आणि मासे असतील तर थोडक्यात: पिंजरा खिडकीपासून लांब, वर चादर, आणि त्या खोलीत स्टोव्ह किंवा धूप नको. (देशी पोपट पाळायला कायद्यानेच बंदी आहे, तो विषय वेगळा.) लाईट गेल्यावर माशांच्या टाकीतला पंप थांबतो. खाणं बंद करा आणि तासा-दोन तासांनी तांब्याने टाकीतलंच पाणी वरून धार धरून सोडा.

वादळ गेल्यानंतरचे आठ दिवस

चुका खऱ्या इथे होतात, कारण सगळ्यांचं लक्ष छपराकडे असतं.

कुत्र्याला ओळखीचं अंगण उरलेलं नसतं. पावसाने वास धुऊन गेलेले, गडगा ढासळलेला, वाटेवर माड आडवे, चहूकडे झाडं कापायच्या मशीनचा आवाज. घराची वाट चुकायला एवढं पुरेसं आहे. पहिले काही दिवस पट्ट्याशिवाय बाहेर नाही. कुंपण फिरून आल्याशिवाय तर नाहीच. तुमच्या आधी चार पावलं पुढे धावणारं कुत्रं पाण्यात पडलेल्या विजेच्या तारेवर पहिलं पाय देतं. तार पडलेली दिसली तर लांब राहा आणि १९१२ वर महावितरणला कळवा. फुटलेली कौलं, पत्र्याच्या कडा, गंजके खिळे यांनी पंजे फाटतात. रोज संध्याकाळी पंजे धुऊन, बोटांच्या मधे बघा. बिळात पाणी शिरलं की फुरसं, घोणस, नाग कोरडी जागा शोधत लाकडांच्या ढिगात, गोठ्यात येतात, आणि कुत्रं तिथे नाक खुपसतंच. साप चावल्याची शंका आली तर पट्ट्या आवळत बसू नका, सरळ पशुवैद्य. माणसाला देतात तीच विषप्रतिबंधक लस कुत्र्यालाही देता येते.

मांजर सापडत नसेल तर गावभर हिंडू नका. घाबरलेलं मांजर बहुधा घराच्या आसपासच दबा धरून बसलेलं असतं आणि हाकेला ओ देत नाही. रात्री माणसांची वर्दळ थांबली की टॉर्च जमिनीलगत धरून लाकडांचे ढीग, गडग्याच्या फटी, शेजाऱ्यांचा बंद असलेला मांगर (शेतावरची खोपी) बघा. डोळे चमकतात. शेजाऱ्यांना दारं उघडायला लावा, वादळाआधी त्यांनी कडी घातली तेव्हा ते आतच असू शकतं.

खाण्यापिण्याचं. लाईट नाही म्हणजे पंप नाही, म्हणजे विहिरीला परत रहाट. कुत्र्याला किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. २० किलोच्या कुत्र्याला लिटरभर तरी. ते माणसांच्या हिशेबात धरूनच भरून ठेवा, नाहीतर कुत्रं डबक्यातलं पितं. त्याच डबक्यात उंदीर-घुशींचं मूत असतं आणि त्यातूनच लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, हा आजार होतो. लेप्टोची लस कुत्र्याला मिळते, पण पहिल्यांदा घेताना काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग दरवर्षी एक. आदल्या दिवशी टोचून काही होत नाही. एप्रिलमध्ये उरकून टाका. वादळानंतर ताप, उलट्या, डोळे-हिरड्या पिवळ्या दिसणं, लघवी कमी होणं असं काही दिसलं तर त्या कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नका. हा आजार माणसालाही होतो.

कोरडं खाणं दमट हवेत बुरशी धरतं. पिशवी कापून डब्यात ओतण्यापेक्षा पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वास उतरला असेल तर फेकून द्या. मदतीत आलेल्या पोह्यांत, खिचडीत कांदा असतो. कांदा कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या पेशी फोडतो, त्यामुळे ‘उरलंय ते घाल त्याला’ चालणार नाही. मांजराला खारवलेला बांगडा द्यायचाच तर रात्रभर पाण्यात ठेवून, पाणी फेकून.

गोठ्याचं राहिलं

गुरांची दावी वादळाआधी सोडा. गोठ्याचं छप्पर कच्चं असेल किंवा पाणी चढण्याची भीती असेल तर मोकळं गुरू स्वतःची जागा शोधतं, बांधलेलं नाही. झाडाखाली मात्र उभं करू नका. आकाशातून पडलेली वीज जमिनीतून पसरते, आणि गुराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने त्याच्या अंगातून ती माणसापेक्षा सहज जाते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं, ते फोनवर असू द्या.

जनावर दगावलंच तर घाईने पुरू नका. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या दरांनुसार दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये भरपाई ठरलेली होती, पण भरपाईसाठी तलाठ्याचा पंचनामा आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कानातला १२ आकडी बिल्ला दिसेल असा फोटो काढून ठेवा. जखमी जनावरासाठी १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री नंबर आहे. फोन लागत नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात माणूस पाठवा, तोही सकाळीच, कारण दुपारपर्यंत डॉक्टर पंचनाम्यांसाठी वाड्यांवर निघून गेलेले असतात.