ऑप्टिकल स्विचच्या पेटंटला स्वयंस्पष्टतेच्या मुद्द्यावर आव्हान देण्यापूर्वीची तयारी

पेटंटमधील शोध आधीच्या माहितीवरून त्या क्षेत्रातील अभियंत्याला सहज सुचण्याजोगा होता, या म्हणजे स्वयंस्पष्टतेच्या मुद्द्यावर अमेरिकेच्या पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाकडे (पेटंट कार्यालयातील निवाडा मंडळाकडे) जायचे असेल, तर आधी तारीख पाहावी. पेटंटभंगाच्या खटल्याची कागदपत्रे रीतसर हाती पडल्यापासून एक वर्ष उलटले, की इंटर पार्टीज रिव्ह्यूचा, म्हणजे बोर्डापुढील पेटंटच्या फेरतपासणीचा, मार्ग बंद होतो. मग हाच पुरावा न्यायालयात, अधिक कडक कसोटीवर मांडावा लागतो. बोर्डापुढे केवळ आधीची पेटंटे आणि छापील प्रकाशनेच आधार ठरतात, म्हणून एखाद्या जुन्या उपकरणावर भिस्त असल्यास त्याचे वर्णन करणारा निबंध आणि तो लोकांना केव्हा उपलब्ध झाला याचा पुरावा, दोन्ही मिळवावेत.

त्यानंतर पेटंटमधील प्रत्येक दाव्याचे (हक्काची व्याप्ती सांगणाऱ्या कलमाचे) घटक सुटे करावेत: फायबरमधून येणारा प्रकाश, त्याच्या तरंगलांबी वेगळ्या करणारी जाळी (ग्रेटिंग), प्रत्येक तरंगलांबीसाठी स्वतंत्र सूक्ष्म आरसा, त्या आरशाचे दोन अक्षांवर वळणे आणि किरण मुद्दाम किंचित ढळवून बाहेर पडणारी शक्ती कमी करणे.

खरा वेळ द्यावा तो दोन संदर्भ, म्हणजे आधीचे दस्तऐवज, एकत्र आणण्याच्या कारणाला. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७च्या केएसआर निकालाने स्वयंस्पष्टतेची कसोटी लवचीक केली असली, तरी 'कोणीही हे केले असते' एवढे विधान आजही पुरत नाही. एका दस्तऐवजात तरंगलांबी वेगळ्या करणारी, पण एकाच अक्षावर वळणाऱ्या आरशांची रचना असेल आणि दुसऱ्यात दोन अक्षांचे आरसे असतील, तर दुसरा अक्ष कशासाठी हवा होता हे त्या काळच्याच मजकुरातून दाखवावे: फायबरची टोके ओळीऐवजी द्विमितीय मांडणीत बसवण्यासाठी, की जुळणीतील चूक सुधारण्यासाठी? सिंगल-मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा असल्याने किरण थोडा सरकला तरी शक्ती घटते, हे त्या क्षेत्रातील अभियंत्याला ठाऊकच होते. ते तज्ज्ञाच्या शपथपत्रात हिशेबासह यावे. हा बदल यशस्वी होईल अशी वाजवी अपेक्षा का होती, हेही त्यातच सांगावे, कारण प्रतिपक्ष पश्चातबुद्धीचा, म्हणजे शोध पाहिल्यानंतरच तो सोपा वाटतो असा, आक्षेप हमखास घेतो. संदर्भांपैकी एखाद्यात नेमक्या याच रचनेपासून दूर राहण्याचा सल्ला असेल, तर तो लपवू नये. उत्तर आधीच तयार ठेवावे.

शोध स्वयंस्पष्ट नव्हता हे दाखवण्यासाठी पेटंटधारकाने विक्रीच्या यशाचा पुरावा पुढे केला, तर ते यश दाव्यातील वैशिष्ट्यामुळे मिळाले, की २०००च्या सुमारास दूरसंचार क्षेत्रात आलेल्या तेजीमुळे, हे तपासावे. अर्जाला १४,००० शब्दांची मर्यादा असल्याने संदर्भांच्या पाच-सहा कमकुवत जोड्यांऐवजी एक-दोन भक्कम जोड्या निवडाव्यात. अर्जात राहिलेला नवा आधार प्रत्युत्तरात सहसा घेता येत नाही.