गाडीची वही कशी ठेवायची: अ‍ॅव्हरेज आणि मेंटेनन्स एकाच जागी

कोल्हापुरात नवीन गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, 'किती देते?' आणि उत्तरही ठरलेलं, 'साठला मरण नाही'. पण हे साठ मोजले कसे म्हणून विचारलं की बहुतेक जण सांगतात, दोनशेचं टाकलं आणि रिझर्व्हला लागेपर्यंत चालवली. ह्यात टाकीत आधी किती होतं ते माहीत नाही, रिझर्व्हचा काटा किती खरा ते माहीत नाही, म्हणजे आकडा अंदाजपंचेच. मी गेली काही वर्षं माझ्या बाईकची आणि घरच्या कारची वही ठेवतोय, आणि माझं ठाम मत झालंय की अ‍ॅव्हरेज मोजायचं ते मित्रांना सांगायला नाही, तर गाडीला काय होतंय ते वेळेत कळायला. त्यासाठी पेट्रोलची नोंद आणि कामाची नोंद दोन्ही एकाच वहीत पाहिजेत. का ते पुढं सांगतो.

आधी मोजायचं कसं ते बघू. टाकी फुल्ल करायची, मीटरचं रीडिंग लिहायचं, नेहमीसारखी गाडी चालवायची, परत फुल्ल करायची आणि दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तेवढ्यानं मधल्या किलोमीटरला भागायचं, बस्स. समजा पहिल्या फुल्लला रीडिंग १८,२४० होतं आणि पुढच्या फुल्लला १८,६१२, म्हणजे ३७२ किलोमीटर झाले, आणि पेट्रोल बसलं ७.४४ लिटर, तर अ‍ॅव्हरेज आलं ५०. पहिल्या वेळी किती लिटर भरलं त्याचा हिशोबाशी संबंध नाही, इथं लई जण चुकतात.

आता कोण म्हणेल की आम्ही शंभर-दोनशेचंच टाकतो, दर वेळी फुल्ल कुठनं करणार. काही अडचण नाही, मधे जेवढ्या वेळा टाकलं ते लिटर लिहून ठेवा आणि महिन्यातनं एकदा फुल्ल करा, त्या दिवशी सगळ्यांची बेरीज करायची. वरच्याच उदाहरणात मधे २.१० टाकलं आणि शेवटी ५.३४ बसलं तरी बेरीज ७.४४ च. फक्त रुपये नको, लिटर लिहा, कारण दर बदलतो. पावतीवर लिटर दोन दशांशापर्यंत छापलेले असतात, म्हणून पावती मागून घ्यायचीच.

फुल्ल म्हणजे किती हे पण दर वेळी सारखं पाहिजे. कारला नोझल पहिल्यांदा टक् करून बंद झालं की थांबायचं, आणखी दहा-वीस रुपयाचं राऊंड फिगरला दाबून भरायचं नाही. गळ्यापर्यंत भरलं तर पेट्रोल फुगायला जागा राहत नाही, आणि आजकालच्या गाड्यांत टाकीतली वाफ धरून ठेवणारा डबा असतो त्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो. बाईकला मेन स्टँडवर उभी करून भरा, कारण साइड स्टँडवर तिरकी असली की फुल्लचा अंदाज फसतो, आणि टाकीच्या तोंडातल्या पट्टीच्या खाली एक खूण ठरवून तिथंच थांबायला सांगा. शक्यतो पंप पण एकच ठेवा. एवढं करूनही एका वेळच्या आकड्यावर विसंबू नका, अर्धा लिटर इकडं तिकडं झालं तरी बाईकचं अ‍ॅव्हरेज तीन-चारनं हलतंय, म्हणून सलग तीन-चार फुल्लची सरासरी धरायची.

वहीत एका ओळीत एवढंच: तारीख, रीडिंग, लिटर, रुपये, फुल्ल की अर्धवट, आणि शेवटी गाडी कुठं फिरली. हा शेवटचा कॉलम कोणी लिहीत नाही पण मला तो सगळ्यात कामाचा वाटतो. राजारामपुरीच्या गल्ल्या, ताराराणी चौकातला सिग्नल, शाळेत पोरं सोडून परत अशी दोन-दोन किलोमीटरची फिरती असली की इंजिन धड गरम व्हायच्या आत बंद होतं आणि अ‍ॅव्हरेज पडतंच. तीच गाडी हायवेनं कागल-निपाणीकडं पन्नास-साठच्या स्पीडनं एकसारखी नेली की आकडा चढतो, आणि डबल सीट जोतिबाचा डोंगर किंवा गगनबावडा केला की उतरतो. ऊसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं दुसऱ्या गिअरवर रांगत जायचे दिवस असले की तेही लिहा. म्हणून मी 'सिटी', 'हायवे', 'घाट' असा एक शब्द लिहितो आणि सिटीची तुलना सिटीशीच करतो.

वही डिक्कीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, नाहीतर पंपावरच मोबाईलवर मीटरचा आणि पावतीचा फोटो काढा, तारीख आपोआप येते, आणि रविवारी बसून लिहा. मोबाईलवर शीट करता येत असेल तर उत्तमच, भागाकार तीच करते. कारच्या डॅशबोर्डवर जे अ‍ॅव्हरेज दिसतं ते बऱ्याचदा खऱ्यापेक्षा थोडं जास्त असतं, त्यामुळं हातानं एकदा ताडून बघाच.

आता मेंटेनन्स. त्याच वहीत, त्याच क्रमानं, वेगळ्या रंगाच्या पेनानं लिहायचं. ऑइल बदललं तर रीडिंग, ऑइलचा ग्रेड, किती घातलं, किती पैसे, आणि त्याच ओळीत पुढचं कधी. किती किलोमीटरला बदलायचं हे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतं, तेच खरं. किलोमीटर कमी झाले तरी पुस्तकात दिलेले महिने भरले की बदलायचं, आणि ब्रेक ऑइल तर साधारण दोन वर्षांनी बदलतात कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. एअर फिल्टर, प्लग, चेन, ब्रेक शू, बॅटरी, टायर, सगळ्याची नोंद. चेनला साधारण ५०० किलोमीटरला ल्युब लावा, आणि आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात त्याच्याही आधी, भिजून आली की पुसून लगेच. टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वहीत उतरवा, २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा, दुकानदार नवीन म्हणून जुना माल देत नाही ना ते तिथंच कळतं. हवा पंधरा दिवसाला, सकाळी गाडी गार असताना, गाडीवरच्या स्टिकरवर लिहिल्याप्रमाणं. हवा कमी असली की अ‍ॅव्हरेज आधी पडतं आणि टायर नंतर झिजतो.

दोन्ही नोंदी एकत्र का, तर ऐका. माझी बाईक सिटीत ५४ च्या आसपास द्यायची. एकदा ५१ आलं, मी सोडून दिलं. पुढं ४७, त्याच्या पुढं ४६. गॅरेजवाला म्हणाला पेट्रोलच तसलं येतंय आता, इथेनॉल असतंय, सगळ्यांचंच पडलंय. त्यात थोडं खरं आहे. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याच ऊसाच्या मळीपासनं पण ते होतं, आणि लिटरमागं त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी, म्हणजे थोडं अ‍ॅव्हरेज जाणारच. पण ते इतक्या झटक्यात कसं पडेल? घरी येऊन वही उघडली तर ५१ च्या बरोबर वरच्या ओळीत वेगळ्या रंगात सर्व्हिसिंग लिहिलेलं, 'मागचा ब्रेक टाइट केला'. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवलं तर अर्धा फेरा पण होईना. शिरोलीपर्यंत जाऊन आलो, ब्रेक जवळजवळ लावलाच नाही, तरी ड्रमजवळ हात नेला तर धग लागत होती. ब्रेकचा नट थोडा सैल केला, चाक मोकळं झालं, पुढच्या दोन फुल्लला ५३. पेट्रोल तर वाया गेलंच, पण ब्रेक शू पण अर्धे झाले होते, आणि आणखी महिनाभर चालवली असती तर उतारावर काय झालं असतं ते आठवून आजही बरं वाटत नाही.

म्हणून अ‍ॅव्हरेज सलग दोन-तीन वेळा दहा टक्क्यांनी पडलं की आधी वहीत मागं जाऊन बघायचं की त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं. काहीच केलं नसेल तर हवा बघा, मग चाकं मोकळी फिरतात का, मग चेन, मग एअर फिल्टर, आणि शेवटी प्लग. स्वस्तातलं आधी. गॅरेजला जाताना पण वही न्या, 'गाडी ओढत नाही' असं सांगण्यापेक्षा 'अमुक रीडिंगपासनं पडलंय' असं सांगितलं की चांगला मिस्त्री बरोबर जागेवर हात घालतो.

पुराचं पण एक लिहून ठेवा. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठं कुठं आलं ते सगळ्यांनी बघितलंय. गाडी पाण्यात बुडाली असेल तर स्टार्टर मारायचा नाही, किक पण नाही, ढकलत नाहीतर टेम्पोत घालून गॅरेजला न्यायची, कारण सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइल दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय. पाण्यातनं काढलेल्या दिवसाचं रीडिंग आणि तेव्हा काय काय बदललं ते वहीत पाहिजेच, बेअरिंग आणि वायरिंगची दुखणी सहा महिन्यांनी वर येतात.

वर्षातनं एकदा, मी दिवाळीच्या सुट्टीत करतो, सगळी बेरीज मारायची. समजा वर्षात ९,००० किलोमीटर झाले, पेट्रोल १८० लिटर, दर १०५ धरला तर १८,९०० रुपये, आणि सर्व्हिसिंग, चेन, विमा मिळून ५,४००. म्हणजे पेट्रोलचे किलोमीटरला २ रुपये १० पैसे आणि बाकीचे ६० पैसे. जुनी गाडी ठेवायची का विकायची हा घरातला वाद ह्या ६० पैशावर मिटतो, ते दर वर्षी किती वाढतायत एवढंच बघायचं.

वहीच्या शेवटच्या पानावर पीयूसी, विमा आणि बॅटरीच्या वॉरंटीच्या तारखा लिहा, आणि मोबाईलवर त्याच्या आठ दिवस आधीचा रिमाइंडर लावा. गाडी विकायची वेळ आली तर ही वही घेणाऱ्याच्या हातात द्या, नोंदी बघून तो रीडिंगवर शंका घेत नाही. आमच्या आधीच्या गाडीबरोबर मी वही पण दिली होती, तिचा नवीन मालक आजही त्याच वहीत लिहितोय.