रिसर्चमधून स्टार्टअप करताय? मग कंपनी जरा थांबून काढा

लॅबमधे काहीतरी भारी निघालं की पहिल्याच आठवड्यात लोक काय करतात, तर सीएला फोन, प्रायव्हेट लिमिटेड, लोगो, लिंक्डइनवर फाउंडर. मी पण हेच केलं. पीएचडी संपता संपता कंपनी रजिस्टर करून बसलो आणि मग संस्थेच्या एनओसीसाठी (ना हरकत पत्र) दीड वर्ष खेटे घातले, तोवर कंपनीचं वय वाढत होतं. सरकारी योजनांमधे हे वय मोजतात हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून ही उठाठेव.

सगळ्यात आधी एकच प्रश्न, हे संशोधन नक्की कोणाचं आहे? तुम्ही रात्र रात्र जागलात ते खरंय, पण मशीन संस्थेचं, केमिकल प्रोजेक्टच्या पैशाचं आणि फेलोशिप पण सरकारचीच, त्यामुळे पेटंट काही ठिकाणी पूर्ण संस्थेच्या नावावर जातं तर काही ठिकाणी सामाईक होतं. तुमचं नाव संशोधक म्हणून लागतं आणि ते वापरायला तुमच्या कंपनीला संस्थेकडून लायसन्स घ्यावं लागतं. २०१९ मधे केंद्राने विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठी स्टार्टअप धोरण आणलं त्यात संस्थेने मदतीच्या बदल्यात साधारण २ ते ९.५ टक्के हिस्सा घ्यावा असं आहे, म्हणजे कोणी २५ टक्के मागत असेल तर ते धोरण प्रिंट काढून समोर ठेवा. प्राध्यापकांना स्टार्टअपसाठी एखादं सेमिस्टर किंवा वर्षभर रजा देण्याची सोय पण त्यात आहे. सीएसआयआरच्या (केंद्राच्या प्रयोगशाळा चालवणारी परिषद) शास्त्रज्ञांना तर २००९ पासूनच कंपनीत भागीदार व्हायची मुभा आहे, पण गाइड सरांना तोंडी विचारून काम भागत नाही, लेखी घ्या.

दुसरं पेटंट. पेपर टाकायच्या आधी प्रोव्हिजनल (पेटंटचा सुरुवातीचा, तात्पुरता अर्ज) फाइल करा, आधी म्हणजे आधीच. पेपर आल्यावरही पेटंटला वर्षभराची सवलत असते असं कोणीतरी सांगतंच, पण ती मोजक्या प्रसंगांपुरती आहे, तिच्या भरवशावर राहू नका. आणि थिसिस विसरू नका! शोधगंगावर (पीएचडी थिसिस ठेवायची सरकारी वेबसाइट) अपलोड झाला की तो जगजाहीर झाला, त्यामुळे काही काळ रोखून ठेवता येईल का ते युनिव्हर्सिटीत वेळेत विचारा. ऑनलाइन फाइल केलं तर व्यक्ती, स्टार्टअप किंवा शिक्षणसंस्थेला सुरुवातीची सरकारी फी १,६०० रुपये आहे, खरा खर्च वकिलाचा. प्रोव्हिजनलनंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन) द्यावं लागतं, नाही दिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात. महाराष्ट्र स्टेट इनोव्हेशन सोसायटी राज्यातल्या स्टार्टअपना पेटंटच्या खर्चातला काही भाग परत देते, पावत्या जपून ठेवा.

आता पैसे. इथे क्रम चुकला की सगळंच चुकतं.

नुसता प्रोटोटाइप करायचा असेल तर डीएसटीची (केंद्राचा विज्ञान तंत्रज्ञान विभाग) निधी प्रयास ही योजना, १० लाखांपर्यंत. बायोटेक, मेडिकल डिव्हाइस, शेती यातलं काही असेल तर बायरॅकची (बायोटेकसाठीची केंद्र सरकारची कंपनी) बिग ग्रँट म्हणजे अनुदान, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. तिचे अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला उघडतात आणि कंपनी नसताना व्यक्ती म्हणून पण अर्ज करता येतो (त्यासाठी इन्क्युबेटर लागतो, म्हणजे नव्या स्टार्टअपना जागा, लॅब आणि सल्ला देणारं केंद्र). असा इन्क्युबेटर म्हणून पुण्याकडच्या लोकांना पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आवारातलं व्हेंचर सेंटर जवळ पडतं, मुंबईत आयआयटीचं साइन आहे. अर्ज भरायच्या आधी तिथे जाऊन या, ईमेलवर जे महिनाभर कळत नाही ते चहा पिताना कळतं.

स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ ला आला. त्यात प्रूफ ऑफ कन्सेप्टसाठी (कल्पना चालते हे दाखवायला) २० लाखांपर्यंत ग्रँट आणि पुढे मार्केटमधे जायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा कन्व्हर्टिबल (पुढे शेअरमधे बदलता येणारं कर्ज). पण अट अशी की अर्जाच्या दिवशी कंपनी २ वर्षांपेक्षा जुनी नको, डीपीआयआयटीची (स्टार्टअपना मान्यता देणारा केंद्राचा विभाग) मान्यता हवी आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून १० लाखांपेक्षा जास्त पैसे घेतलेले नकोत. म्हणजे बिग घेतली की हा दरवाजा बंद! प्रयासचे १० लाख मात्र चालतात, बक्षिसाची रक्कम आणि लॅब वापरायची सवलत त्यात धरत नाहीत. म्हणून आधी एनओसी, मग प्रोव्हिजनल, मग प्रयास किंवा बिग यातलं काय ते ठरवा आणि कंपनी अगदी गरज पडेल तेव्हा. कुठलाही अर्ज करताना पोर्टलवर कॉल (अर्ज मागवणं) चालू आहे ना ते बघा, व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ बहुतेक वेळा जुनी असते.

अर्ज लिहिताना आपली सवय आड येते. आपण पीएचडी सिनॉप्सिससारखं लिहितो, आधी चार पानं बॅकग्राउंड. समोरच्याला हवं असतं की त्रास कोणाला आहे, आत्ता ते काय वापरतात, तुमचं त्यापेक्षा कुठे सरस आहे आणि अमुक महिन्यात नेमकं काय दाखवणार. "सेन्सर सुधारू" असं नको, "सहाव्या महिन्यात ५० सॅम्पलवर हा आकडा" असं लिहा, कारण पुढचा हप्ता त्यावरच सुटतो.

हो, पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि मधल्या काळात खिशातून चालवावं लागतं. ग्रँटसाठी वेगळं बँक खातं ठेवा. मोठ्या खरेदीला तीन कोटेशन घेऊन ठेवा आणि एका हेडचे (खर्चाचं सदर) पैसे दुसऱ्यात वापरायचे असतील तर आधी परवानगी, नंतर सांगून चालत नाही. युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे खर्च झाले त्याचा दाखला) सीएकडून घ्यावं लागतं आणि मार्चमधे सगळे सीए बिझी असतात, त्याला फेब्रुवारीतच पकडा. आणि थर्मल पेपरवरच्या बिलांचे आल्या दिवशीच फोटो काढा, ती सहा महिन्यात कोरी होतात.