कोणत्याही विषयासाठी चांगली लेखी असाइनमेंट कशी तयार करायची

"तापमानवाढ या विषयावर १५०० शब्दांत टिपण लिहा, सोमवारपर्यंत सबमिट करा." अशी असाइनमेंट दिली की हातात काय येतं ते शिकवणाऱ्या सगळ्यांना माहितीये. व्याख्या, कारणं, परिणाम, उपाय, समारोप, आणि निम्मे पेपर एकमेकांची झेरॉक्स वाटतील इतके सारखे. मग स्टाफरूममध्ये चर्चा होते की आजकालच्या मुलांना लिहिताच येत नाही. मला हे पटत नाही. मुलांनी आपण मागितलं तेच दिलेलं असतं. आपण त्यांना विषय दिला, प्रश्न दिलाच नाही, आणि नुसत्या विषयावर माणूस माहिती गोळा करण्यापलीकडे फार काही करू शकत नाही.

हा लेख भाषेच्या प्राध्यापकांसाठी नाहीये, म्हणजे त्यांनीही वाचावा, पण मुख्य करून केमिस्ट्री, कॉमर्स, गणित, नर्सिंग, इंजिनिअरिंग शिकवणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना वाटतं की लिखाण शिकवणं आपलं काम नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात कॉलेजांमध्ये एक चळवळच सुरू झाली की लिखाण सगळ्या विषयांत आलं पाहिजे, आणि १९७७ मध्ये लेखन-शिक्षणाच्या अभ्यासक जॅनेट एमिग यांनी मांडलं की लिहिणं ही स्वतःच शिकण्याची एक पद्धत आहे, शिकून झाल्यावर ते दाखवायचं साधन एवढंच त्याचं काम नाही. तुम्हाला विषय शिकवायचाय ना, मग लिखाण तुमच्याच कामाचं आहे.

१. आधी ठरवा, हे लिहून मुलांना काय जमायला हवं

"विषय नीट समजायला हवा" हे पुरेसं नाही. समजलं म्हणजे नक्की काय करता आलं? दोन सिद्धांतांपैकी एक निवडून त्याची बाजू घेता आली, आकड्यांवरून निष्कर्ष काढता आला, चुकीचा युक्तिवाद पकडता आला, अवघड गोष्ट नवख्या माणसाला सांगता आली, असं काहीतरी एका क्रियापदात पकडा. शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेली शिकण्याच्या उद्दिष्टांची वर्गवारी इथे अजूनही कामाला येते, आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण करणं अशी चढती रांग. आपल्या बहुतेक असाइनमेंट पहिल्या दोन पायऱ्यांवरच अडकलेल्या असतात आणि मार्क मात्र आपण वरच्या पायऱ्यांच्या अपेक्षेने देतो, तिथेच मुलं गोंधळतात.

२. विषयाचा पेच करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पेच म्हणजे असा प्रश्न ज्याचं उत्तर पुस्तकात तयार नाही, पण पुस्तकातलं वापरल्याशिवाय देताही येत नाही.

समजा बायोलॉजी किंवा नर्सिंगच्या वर्गाला जंतुसंसर्ग शिकवायचाय. "हात धुण्याचं महत्त्व लिहा" म्हणालात तर पोस्टरवरची वाक्यं येतील. त्याऐवजी त्यांना १८४७ च्या व्हिएन्नामध्ये नेऊन बसवा. तिथल्या प्रसूती रुग्णालयात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी सांभाळत असलेल्या विभागात एप्रिल महिन्यात १८ टक्क्यांच्या आसपास बाळंतिणी दगावल्या. शेजारचा विभाग सुईणी सांभाळायच्या, तिथलं मृत्यूचं प्रमाण एकंदरीत बरंच कमी असायचं. मेच्या मध्यापासून तिथले डॉक्टर सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये प्रमाण २ टक्क्यांच्या जवळ आलं. जंतू रोग पसरवतात हे तेव्हा कोणी सिद्ध केलेलं नव्हतं. आता असाइनमेंट अशी: तुम्ही त्या रुग्णालयाच्या समितीवर आहात, सेमेलवाइस यांचं म्हणणं मान्य करायचं की नाही ते दोन पानांत लिहा, फक्त तेव्हा उपलब्ध असलेला पुरावा वापरून. मुलाला आता आकडे वाचावे लागतात, दोन विभागांची तुलना करावी लागते, दुसरं काही कारण असू शकेल का हे तपासावं लागतं, आणि विरोधकाला उत्तर द्यावं लागतं. एवढं सगळं एका प्रश्नात.

स्टॅटिस्टिक्सला असाच पेच तयारच आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला, पण विभागवार आकडे पाहिले की बायकांवर अन्याय झाल्याचं चित्र जवळपास नाहीसं होतं, कारण ज्या विभागांत प्रवेश मिळणंच अवघड होतं तिथे बायकांचे अर्ज जास्त होते. एकूण आणि गटवार आकडे असं वेगळं चित्र दाखवतात त्याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. "सिम्प्सनचा विरोधाभास स्पष्ट करा" ऐवजी एकूण आणि विभागवार तक्ते हातात द्या आणि सांगा, भेदभाव झाला का यावर कुलगुरूंना एक पानाचा अहवाल लिहा, त्यांना स्टॅटिस्टिक्स येत नाही.

गणितवाल्यांचं नेहमीचं म्हणणं असतं की आमच्यात लिहिण्यासारखं काय आहे. भरपूर आहे! दोन बरोबर एक ही जुनी खोटी सिद्धता द्या, अ आणि ब समान घ्यायचे, गुणाकार-वजाबाकी करत शेवटी दोन्ही बाजूंना (अ − ब) ने भागायचं. चूक कुठली ते एका ओळीत सांगता येतं, शून्याने भागलं. पण "अकरावीतल्या मुलाला पत्र लिहा, चूक कुठे झाली, ती पटकन का दिसत नाही आणि शून्याने भागायला मनाई का आहे" असं विचारलंत तर कोणाला खरंच कळलंय आणि कोणी नियम पाठ केलाय ते पहिल्याच परिच्छेदात दिसतं.

केमिस्ट्रीच्या जर्नलमध्येही हेच करता येतं, टायट्रेशनची २४.३, २४.४ आणि २५.६ मिली अशी तीन रीडिंग द्या आणि विचारा, तिसरं सोडायचं की प्रयोग परत करायचा, अर्ध्या पानात कारण द्या. इतिहासाला एकाच घटनेची दोन विसंगत साधनं. प्रोग्रॅमिंगला बग रिपोर्ट. एकदा सवय लागली की प्रत्येक धड्यात पेच दिसायला लागतात.

३. वाचक कोण ते सांगा

मूल जेव्हा सरांसाठीच लिहितं तेव्हा ते अडकतं, कारण सरांना सगळं आधीच माहीत असतं, मग काय समजावायचं आणि काय सोडायचं? म्हणून एक ठरावीक वाचक द्या. विषय न येणारा अधिकारी, पुढच्या बॅचचा विद्यार्थी, विरोधी मताचा तज्ज्ञ, पेशंटचे नातेवाईक. वाचक बदलला की भाषा, उदाहरणं, लांबी सगळं आपोआप बदलतं. फक्त नाटकीपणा नको, "तुम्ही इलेक्ट्रॉन आहात, आत्मकथा लिहा" यात मजा येते पण त्यातून विश्लेषण क्वचितच बाहेर पडतं.

४. असाइनमेंट कागदावर लिहून द्या

तोंडी सांगितलेली असाइनमेंट प्रत्येकजण वेगळी ऐकतो. एका पानात तीन गोष्टी आल्या की झालं: हे का करायचंय, नक्की काय करायचंय, आणि चांगलं काम कशाला म्हणणार. "सखोल चर्चा करा" किंवा "टीकात्मक दृष्टीने लिहा" असं लिहू नका, तुमच्या डोक्यात त्याचा अर्थ स्पष्ट असेल, त्यांच्या नाही. "किमान दोन आक्षेप मांडा आणि त्यांना उत्तर द्या" हे कळतं. लांबी, तारीख आणि संदर्भ द्यायची पद्धत एका ओळीत उरका.

५. काम टप्प्यांत तोडा

मोठा पेपर थेट शेवटच्या तारखेला मागितला तर तो आदल्या रात्री लिहिला जाणार, हे मुलांच्या आळसापेक्षा आपल्या मांडणीमुळे होतं. पहिल्या आठवड्यात फक्त प्रश्न आणि आपला अंदाज, दोन-तीन ओळी. मग पुराव्याची यादी, प्रत्येक पुराव्यापुढे एक वाक्य की हा का घेतला. मग कच्चा ड्राफ्ट, मग शेवटचा. प्रत्येक टप्पा तपासत बसायची गरज नाही, पहिला वर्गात पाच मिनिटांत बघून होतो, ड्राफ्ट मुलांनी एकमेकांचे वाचावेत. फक्त "कसं वाटलं ते सांगा" असं सांगून सोडू नका, नाहीतर "छान आहे" एवढंच येतं. ठरावीक कामं द्या: लेखकाचा मुख्य दावा तुमच्या शब्दांत लिहा, सगळ्यात कच्चा पुरावा कोणता ते दाखवा, जिथे तुम्ही हरवलात तिथे खूण करा.

आणि मध्ये मध्ये मार्क नसलेलं छोटं लिखाण असू द्या. तास संपायच्या आधी दोन मिनिटं, आज सगळ्यात महत्त्वाचं काय कळलं आणि कुठला प्रश्न राहिला, बस. हे तपासायचं नसतं, चाळायचं असतं, आणि पुढचा तास कुठून सुरू करायचा ते त्यातून समजतं. भीती नसली की मुलं अर्धवट विचारही लिहून टाकतात आणि मोठ्या पेपरचं बी बऱ्याचदा तिथेच सापडतं.

६. तपासायचं गणित आधीच करा

६० मुलं, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे २० तास. हे झेपणार नसेल तर पेपर एक पानाचा करा, पाच मिनिटांत एक झाला तरी पाच तासांत संपतं. लहान पेपर म्हणजे सोपा पेपर नाही, एका पानात मुद्दा मांडणं कधीकधी जास्त अवघड जातं.

मार्कांची विभागणी आधीच जाहीर करा. २० पैकी दावा आणि युक्तिवादाला ८, पुराव्याला ६, मांडणीला ४, भाषेला २, असं काहीतरी. भाषेला मी मुद्दाम कमी ठेवते, कारण घरात वेगळी बोली बोलणारी किंवा शिक्षणाची भाषा उशिरा शिकलेली मुलं पहिल्याच फटक्यात मागे पडतात आणि मग विचार मांडायलाच घाबरतात.

शेरे कमी लिहा. लेखन शिकवणाऱ्या संशोधक नॅन्सी सॉमर्स यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं की शिक्षक एकाच परिच्छेदावर एकीकडे स्वल्पविराम दुरुस्त करायला सांगतात आणि दुसरीकडे तो अख्खा परिच्छेद नव्याने लिहायला, आता मुलाने नक्की करायचं काय? ड्राफ्टवर फक्त विचाराबद्दल लिहा, एक जमलेली गोष्ट आणि पुढच्या वेळी बदलायच्या दोन. व्याकरणासाठी लेखनाचेच प्राध्यापक रिचर्ड हॅस्वेल यांची १९८३ ची युक्ती आहे, चूक असलेल्या ओळीपुढे समासात नुसती खूण करायची, चूक कुठली ते सांगायचं नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनी निम्म्याहून जास्त चुका स्वतःच शोधून दुरुस्त केल्या होत्या. लाल पेनाची शाई वाचते आणि शिकणं मुलाकडे राहतं.

७. चॅटबॉटचं काय करायचं

"अमुकवर टिपण लिहा" हे आता मशीन अर्ध्या मिनिटात लिहून देतं. एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका, ते चुकतं आणि प्रामाणिक मुलावर आळ येतो. त्यापेक्षा असाइनमेंट वर्गातल्या गोष्टींना बांधा, त्यांनी स्वतः घेतलेली रीडिंग, वर्गात झालेला वाद, स्वतःचा पहिला अंदाज आणि तो का बदलला. टप्पे असले की प्रवास दिसतोच. शंका आली तर तीन मिनिटं समोर बसवून विचारा, हा पुरावा का निवडलास. आणि कुठे मदत घेतलेली चालेल, कुठे नाही, हे प्रत्येक असाइनमेंटच्या कागदावर स्पष्ट लिहा, कारण एका विषयात परवानगी आणि दुसऱ्यात बंदी असेल तर मुलांना ते सांगितल्याशिवाय कसं कळणार?

८. वाटायच्या आधी स्वतः लिहून बघा

निदान पहिलं पान तरी. तुम्हालाच सुरुवात सुचली नाही तर प्रश्न फार मोठा आहे, दहा मिनिटांत सगळं संपलं तर फार लहान. शक्य असेल तर दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याला कागद वाचायला द्या आणि विचारा, यात काय करायचंय असं तुला वाटतं? त्यांचं उत्तर तुमच्या मनातल्यापेक्षा वेगळं आलं तर कागद बदला. सेमिस्टर संपल्यावर मुलांच्या परवानगीने, नावं काढून, दोन-तीन पेपर जपून ठेवा, एक उत्तम, एक ठीकठाक, आणि पुढच्या बॅचला असाइनमेंट देताना ते वर्गात वाचायला द्या, मार्क त्यांनाच द्यायला लावा.