बीटा ब्लॉकर शिकताना: पल्स आणि बीपी वेगवेगळं समजून घ्या

नर्सिंगला नवीन आलेल्यांसाठी लिहितेय. बीटा ब्लॉकर म्हटलं की सगळे आधी नावं घोकायला बसतात, प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, आणि पेपर झाला की सगळं साफ. मी तर म्हणेन नावं नंतर, आधी हे पक्कं करा की अ‍ॅड्रिनॅलिन ज्या बीटा रिसेप्टरवर येऊन हृदयाला पळवतं ती जागाच हे औषध अडवून बसतं. म्हणून शांत पडलेल्या तरुण माणसाची पल्स थोडीशीच उतरते, पण जिना चढताना किंवा घाबरल्यावर जी १४० ला जायची ती तेवढी वर जातच नाही. अंजायनात, म्हणजे हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा, छातीचं दुखणं कमी होतं ते यामुळेच, हृदयाचं काम कमी झालं की ऑक्सिजनही कमी लागतो. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आणलं ते याच विचारातून, १९८८ ला नोबेलही मिळालं.

बीपीचं मात्र तसं नाही. पल्स तासा-दोन तासांत उतरते, बीपीचा पूर्ण फरक दिसायला एक-दोन आठवडेही लागतात, कारण हृदय रक्त कमी फेकायला लागलं की सुरुवातीला रक्तवाहिन्या आवळून शरीर भरपाई करतं, मग किडनीतून रेनिन (रक्तवाहिन्या आवळायला लावणारी साखळी सुरू करणारं एन्झाइम) कमी सुटतं आणि तो आवळलेपणा हळूहळू सैल होतो. "सिस्टर, कालपासून गोळी चालू आहे, बीपी तर तेवढंच" असं नातेवाईक विचारणारच, तेव्हा हे त्यांना नीट समजावून सांगा.

वॉर्डात गोळी द्यायच्या आधी पल्स स्वतः मोजा, १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्या) पेशंटचे काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत, तिथे स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण मिनिट. पल्स साठच्या खाली आली किंवा वरचं बीपी शंभराच्या खाली असेल तर गोळी न देता आधी डॉक्टरांना कळवा. दमा आहे का तेही विचारा, श्वासनलिका आवळू शकतात. शुगरवाल्यांची शुगर उतरली तरी धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो, तो बघा.

आणि डिस्चार्जला पेशंटला आवर्जून सांगा की बरं वाटतंय म्हणून गोळी एकदम सोडायची नाही, धडधड, छातीत दुखणं उसळून येतं, अ‍ॅटॅकही येऊ शकतो, बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.